चेहऱ्यावरची लाली ही साक्ष नव्हे

गेल्या वर्षी एका कार्यालयाच्या तक्रार समितीत बाहेरची सदस्य म्हणून मी बसले होते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अशा समितीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक व्यक्ती घ्यावी लागते, त्यामुळे हे काम आपल्यापैकी अनेकींच्या वाट्याला येते. ओळख पटेल असे काही इथे लिहीत नाही, तसे ते लिहूही नये. एवढेच सांगते की तक्रार करणाऱ्या बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या होत्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून काय म्हटले, हात कुठे ठेवला, हे त्या शब्द तोलून सांगत होत्या. मधेच त्यांचा गळा, गाल, कान लाल झाले. कपाळावर घाम आला. त्यांनी पदराने चेहरा पुसला, पाणी मागितले आणि पुढचे वाक्य विसरल्या.

नंतर साहेब आले. चेहरा कोरा, आवाज थंड. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, ‘असे काही घडलेच नाही.’

दोघेही गेल्यावर समितीतल्या एक बाई म्हणाल्या, “चेहरा पाहिलात ना त्यांचा? मुद्द्याचा प्रश्न आला की लालबुंद. काहीतरी लपवताहेत.” शेजारचे गृहस्थ म्हणाले, “लाजल्या हो त्या. म्हणजे त्यांच्याही मनात काहीतरी असणारच.” आणि बघता बघता टिपणात वाक्य उतरलेसुद्धा: ‘प्रश्न विचारताना तक्रारदाराचा चेहरा लाल झाला व त्या गोंधळल्या.’ साहेबांच्या चेहऱ्याबद्दल टिपणात एक अक्षरही नव्हते.

कबूल करते, क्षणभर माझ्याही मनात शंका आली. इतकी वर्षे या कामात काढूनही आली. घरी परतताना बसमध्ये मलाच छातीतून वर वाफ चढली, गाल तापले, मानेवरून घामाची धार लागली. समोर बसलेला मुलगा टक लावून पाहत होता. या क्षणी कुणी मला काही विचारले असते, तर माझ्या चेहऱ्यावरून त्याने काय निष्कर्ष काढला असता? तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्या लाजेने माझा चेहरा आणखी लाल झाला असेल, तर तो कुठल्या कारणाने किती लाल होता, हे त्या मुलाला कसे कळावे?

पुढच्या बैठकीत मी त्या बाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, “ताई, वर्ष होत आलं. पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हापासून दिवसातून आठ-दहा वेळा होतं. घरी भाकऱ्या थापतानासुद्धा होतं.” भाकरी थापताना बाई काय लपवत असते, हा प्रश्न मग मी समितीला विचारला.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी शरीराचे बोलू

गाल, कपाळ, कान आणि गळा यांच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. शरीराच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा इथे या वाहिन्या जास्त असतात आणि कातडीच्या पृष्ठभागाला जवळ असतात. त्या रुंदावल्या की त्यांत रक्त जास्त येते, कातडी गरम होते आणि तिचा रंग बदलतो. एवढीच ती ‘लाली’.

या वाहिन्या रुंद करायच्या की अरुंद, हे आपण ठरवत नाही. ते काम आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या मज्जासंस्थेकडे आहे. छातीची धडधड, तळव्यांचा घाम, घशाची कोरड यांचा कारभारही तीच पाहते. गंमत अशी की घाबरल्यावर हातापायांची बोटे गार पडतात, कारण तिथल्या वाहिन्या आक्रसतात. चेहऱ्यावर मात्र उलटे होऊ शकते. १९८२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की चेहऱ्याच्या शिरांमध्ये ‘बीटा’ जातीचे ग्राहक आहेत, आणि ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा इशारा मिळाला की या शिरा रुंदावतात. म्हणजे ज्या ताणाने हात गार पडतात त्याच ताणाने गाल तापतात.

आता कारणांची यादी करा. लाज, भीती, संताप, अपमान, ऊन, चूल, ताप, जिना चढणे, मिरचीचा ठेचा, दारू. रक्तदाब उतरवणाऱ्या काही गोळ्यांनीही चेहरा लाल होतो. आणि पाळी जाण्याच्या काळातल्या वाफा. या सगळ्यांत शेवटी घडते तेच: वाहिन्या रुंदावतात आणि रक्त वर येते. रंग पाहून कारण ओळखता येत नाही. अपमानाने लाल झालेली बाई आणि अपराधी भावनेने लाल झालेली बाई यांच्या गालांत पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. फरक दिसतो असे ज्याला वाटते, तो स्वतःच्या मनातले तिच्या गालावर वाचत असतो.

ज्यांची लाली दिसत नाही

१८३९ साली इंग्लंडमधल्या टॉमस बर्जेस नावाच्या डॉक्टरांनी या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की मनातली नैतिक चलबिचल गालांवर उमटावी, म्हणून देवानेच ही सोय केली आहे. म्हणजे गाल हा आत्म्याचा फळा! १८७२ साली चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरच्या आपल्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण याच विषयाला दिले आणि बर्जेस यांचे म्हणणे नाकारले. देवाने सोय केली असेल, तर ज्यांच्या कातडीवर रंगाचा बदल जेमतेम दिसतो त्यांचे काय, असा त्याचा रोख होता. डार्विनने जगभरच्या लोकांना पत्रे लिहून माहिती गोळा केली होती. त्यात हिंदुस्थानातूनही उत्तरे आली होती. बहुतेक सगळ्या, कदाचित सगळ्याच मानवसमूहांत माणसे अशी लाल होतात, असे त्याने लिहिले. एका काळ्या स्त्रीच्या गालावरच्या जुन्या व्रणाचे उदाहरण त्याने बर्जेस यांच्याच पुस्तकातून घेतले. तिच्याशी कुणी एकदम बोलले की तो व्रण तेवढा लाल व्हायचा. बाकीच्या गालातही रक्त येतच होते, पण पाहणाऱ्याला ते दिसत नव्हते. लॉरा ब्रिजमन ही लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेली मुलगी. तिचाही चेहरा लाल व्हायचा, असे डार्विनने नोंदवले आहे. तिने तर कुणाचा लाल चेहरा पाहून काही शिकलेले असणे शक्य नव्हते.

याच डार्विनने बायका पुरुषांपेक्षा फार जास्त लाजतात असेही लिहून ठेवले. ते त्याने मोजून नव्हे, पाहून आणि ऐकून लिहिले. त्याच्या काळातल्या, त्याच्या वर्गातल्या बायकांना लाजण्याचे शिक्षण किती कसून दिले जात होते, हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही.

आपल्याकडे हे नीट समजून घ्यायला हवे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, सिनेमात, लग्नाच्या जाहिरातींत लाजणारी मुलगी गोरी असते. तिच्या गालांवर गुलाब फुलतात. सावळ्या मुलीच्या गालांवर गुलाब फुलले तरी कुणाला दिसत नाहीत, मग ती ‘निगरगट्ट’ ठरते. शेतात राबणाऱ्या, उन्हाने रापलेल्या, दलित-आदिवासी बायकांना ‘त्यांना कसली आलीय लाज’ असे म्हणणारे लोक आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. म्हणजे गोरीची लाली तिच्याविरुद्ध पुरावा आणि काळीची न दिसणारी लाली तिच्याविरुद्ध पुरावा. हा न्याय कसला?

पाहणारे आणि पाहिली जाणारी

मुलगी पाहायला येण्याचा कार्यक्रम आठवा. पोह्यांची बशी हातात, समोर अनोळखी दहा डोळे. मुलीचा चेहरा तापतो. लगेच मावशी म्हणतात, “लाजली बघा! पसंत आहे हो मुलगा.” मुलीला कुणी विचारलेले नसते. तिच्या गालांनी परस्पर होकार देऊन टाकलेला असतो.

ऑस्ट्रेलियातल्या पीटर ड्रमंड यांनी या विषयावर अनेक वर्षे प्रयोग केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना गाणे म्हणायला लावले आणि एका माणसाने जवळून त्यांच्या चेहऱ्याच्या एकाच बाजूकडे टक लावून पाहिले. ज्या बाजूकडे पाहिले त्या बाजूचा रक्तप्रवाह जास्त वाढला. आमच्या शिबिरात मी हे सांगितले, तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे लाली त्यांच्या बघण्याची आहे, माझी नाही!” इतके नेमके मला आयुष्यात म्हणता आले नसते. ज्यांना लाल होण्याची धास्ती असते, त्यांना ‘तू लाल झालीस’ एवढे सांगितले तरी गाल आणखी तापतात, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसले. घरोघरी ‘लाजली, लाजली’ म्हणून मुलीला चिडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही धास्ती काही माणसांना इतकी छळते की छातीतली मज्जातंतूंची साखळी कापून घेण्याची शस्त्रक्रियाही जगात अनेकांनी करून घेतली आहे. चेहरा शांत होतो, पण पुष्कळांना त्यानंतर पाठ, पोट, मांड्या यांवर भरमसाट घाम येऊ लागतो. इतरांच्या नजरेचा उपाय स्वतःच्या शरीरावर सुरी चालवून करायचा, ही गोष्ट आपल्याला कुठेतरी ओळखीची वाटते ना?

लाज, कायदा आणि साक्ष

घरातला हा न्याय कोर्टातही पोचतो. स्त्रीवर बळाचा वापर करण्याच्या गुन्ह्याला आपण मराठीत विनयभंग म्हणतो. इंग्रजांच्या काळापासून कायद्यात बाईचा ‘विनय’ भंगला हे सिद्ध करावे लागत आले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ७४ मध्ये, तीच कल्पना राहिली. या कल्पनेची अडचण १९६६ साली उघडी पडली. पंजाबातल्या मेजर सिंग खटल्यात साडेसात महिन्यांच्या मुलीवर अत्याचार झाला होता, आणि प्रश्न असा उभा राहिला की एवढ्या बाळाला लाज कळत नाही, मग तिचा विनयभंग होईल कसा? सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आरोपीला दोषी ठरवले. त्या स्त्रीला काय वाटले यावर गुन्हा ठरत नाही, असे म्हटले. निकाल योग्य दिशेने गेला. पण असा प्रश्न विचारला गेला, हेच पुरेसे बोलके आहे. लाज ही गुन्ह्याची फूटपट्टी मानली की जिला लाज वाटली नाही, किंवा वाटलेली दिसली नाही, ती न्यायातून वगळली जाते.

मथुरा खटल्यात आपण हे सोसले आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत जे घडले, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केलेला दिसत नाही, यावरून तिची संमती गृहीत धरली गेली. चार कायदेपंडितांनी १९७९ साली लिहिलेले खुले पत्र आणि त्यातून उभी राहिलेली चळवळ, हा आपलाच इतिहास आहे. १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी बाईच्या अंगावर पुरावा शोधण्याची सवय गेली नाही. २०२१ साली म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात आरोपीला निर्दोष सोडताना, तक्रारदार स्त्री नंतरच्या दिवसांत पीडितेसारखी वागलेली दिसत नाही, या मुद्द्याला महत्त्व दिले. त्या निकालाविरुद्ध गोवा सरकार उच्च न्यायालयात गेले.

लाल झाली तर खोटी, नाही झाली तर निर्लज्ज, रडली तर नाटकी, हसली तर संशयित. मग बाईने चेहरा ठेवावा तरी कुठे?

फौजदारी कायद्यात न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वागण्याविषयी नोंद करण्याची मुभा आहे. १९७३ च्या संहितेत ते कलम २८० होते, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. माझे म्हणणे असे नाही की कुणी काहीच पाहू नये. साक्षीदार प्रश्न टाळतो, विसंगत बोलतो, कुणाकडे पाहून उत्तर देतो, हे लिहावे. पण रक्तवाहिन्या रुंदावल्या ही नोंद साक्षीची नाही, शरीराची आहे. तिच्यातून निष्कर्ष काढण्याचा अधिकार कुणालाच नाही.

वाफांचे राजकारण

आता त्या बाईंच्या वाफांकडे वळू. पाळी जाण्याच्या काळात शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते, त्याच्या लगतच्या काही मज्जापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. लगाम सुटला की या पेशी उधळतात. अमेरिकेतल्या नाओमी रान्स यांनी १९९० च्या सुमारास पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत या पेशी आकाराने मोठ्या झाल्याचे पाहिले, आणि तिथून हे कोडे उलगडत गेले. तापमान जरासे वाढले तरी मेंदूला वाटते, अंग फार तापले, उष्णता बाहेर टाका. मग छाती, गळा, चेहरा इथल्या वाहिन्या उघडतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि काही मिनिटांनी हुडहुडी भरते. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, २०१५ साली, असे दिसले की हा त्रास निम्म्या बायकांना सात वर्षांहून अधिक काळ होतो. या पेशींवर नेमके काम करणारे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण त्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. आपल्या बहुसंख्य बायकांना मात्र औषध राहू द्या, ‘हे असे होते’ इतकेही कुणी सांगत नाही. सांगतात ते ‘वयाचे आहे, सोसा’.

आणि हे सगळ्यांच्या वयाचे असते असेही नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कामावर खाडा झाला की मुकादम दंड लावणार, उचल फिटायची राहणार, पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी ना आडोसा. मग डॉक्टर म्हणतो काढून टाका, आणि बाई काढून टाकते. सबंध देशाच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही ही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे मध्यम वय ३४ च्या आसपास निघाले.

पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचा काळ हळूहळू येत नाही, एका रात्रीत येतो. कोश ठेवले तरी तो काही वर्षे अलीकडे येऊ शकतो. तिशीतली बाई, डोक्यावर मोळी, वर ऊन आणि आत वाफा. तिचा लाल चेहरा पाहून कुणी म्हणत नाही की ही लाजली. कुणी म्हणत नाही की हिला काही होते आहे. तिचा चेहरा कुणी वाचतच नाही. ज्या समाजाला पोह्यांच्या बशीमागच्या गालांतला बारीकसा रंगही दिसतो, त्याला फडातला घामाने निथळलेला चेहरा दिसू नये, याला डोळ्यांचा दोष म्हणता येणार नाही.

एक आक्षेप

एक मैत्रीण म्हणाली, “मग लाजणे वाईटच म्हणायचे का? मला नातू झाल्याचे कुणी सांगितले तेव्हा मीही लाल झाले होते. ते माझे सुख होते.” तिचे बरोबर आहे. गाल तापणे वाईट नाही. हॉलंडमधल्या संशोधकांना असेही आढळले की चूक झाल्यावर लाल होणाऱ्या माणसाबद्दल इतरांचे मत थोडे बरे होते. डार्विनलाही हे मानवी वैशिष्ट्य विलक्षण वाटले होते. पण जे माझे आहे त्याचा अर्थ मी सांगेन. मैत्रिणीला तिच्या लालीचे कारण विचारले तर तिने सांगितले. समितीने त्या बाईंना विचारले नव्हते.

आपण काय करायचे

पहिले, तक्रार समित्यांवर बसणाऱ्या आपण सगळ्यांनी आग्रह धरावा की टिपणात चेहऱ्याचा रंग, घाम, थरथर यांच्यावरून काढलेले निष्कर्ष नकोत. लिहायचेच असेल तर दोन्ही बाजूंचे लिहा, आणि आधी तिला विचारा. बोलताना मधे थांबता येईल, पंखा-पाणी असेल, अशी बैठक ठेवा.

दुसरे, किशोरी मुलींच्या शिबिरांत पाळीबरोबर हेही शिकवा. गाल का तापतात हे कळले की मुलीला स्वतःच्या शरीराची फितुरी झाल्यासारखे वाटत नाही.

तिसरे, पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईसोबत शक्य तर एकीने दवाखान्यात जावे आणि विचारावे: का काढता? दुसरा उपाय आहे का? बीजांडकोश ठेवणार की काढणार? नंतर काय होईल? ही उत्तरे कागदावर मागून घ्यावीत.

चौथे, चाळिशी-पन्नाशीच्या कामकरी बायकांसाठी सावली, पाणी, मधली विश्रांती आणि स्वच्छतागृह या मागण्या आपल्या मागणीपत्रात याव्यात. बाळंतपणाबद्दल आपण भांडलो, पाळीबद्दल बोललो, पाळी जाण्याबद्दल मात्र आपणही गप्प राहिलो.

त्या समितीच्या अहवालातून ते वाक्य शेवटी काढले गेले. त्यासाठी दोन बैठका भांडावे लागले. तक्रारीचा निर्णय त्यानंतर जबाब, तारखा आणि साक्षी यांच्यावर झाला, तसाच तो व्हायला हवा होता. निघताना त्या बाई मला म्हणाल्या, “ताई, मला वाटलं माझाच चेहरा माझ्या विरुद्ध बोलला.” मी म्हटले, “बाई, चेहरा काही बोलला नाही. आम्हीच बोललो.”